आधी कानाला विचारा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा भाचा मित्रांबरोबर मालवणला जाऊन आला. तिथे त्याने पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारली. ज्याला आपण आता सर्रास स्कूबा डायव्हिंग म्हणतो, ते. परत आल्यावर घरी आला आणि माझ्या डाव्या बाजूला बसून उत्साहाने सांगू लागला. मी त्याला म्हटले, "बेटा, उजवीकडे येऊन बस. त्या कानाने मला निम्मेच ऐकू येते."

मग तो उजवीकडे आला आणि म्हणाला, "मामू, मला खाली जायलाच किती वेळ लागला! तो शिकवणारा दादा हातभर खाली नेई, थांबवी, कानाकडे बोट दाखवी. मी ठीक आहे अशी खूण केली की पुढचा हातभर. खाली एवढे रंगीत मासे, आणि हा मला मुंगीच्या पावलाने उतरवतोय. वर येताना सावकाश यावे हे ऐकले होते. पण खाली जाताना कशाला?"

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर माझ्या डाव्या कानात गेली चाळीसएक वर्षे पडून आहे. आज ते आपल्याला सांगावे म्हणतो. ते माझ्या एकट्याचे नाही, माणसाच्या फार जुन्या इतिहासाचेही आहे.

आमचे बालपण जुन्नरच्या शिवारात गेले. तेव्हा पोहायला शिकायचे म्हणजे विहिरीतच. कमरेला पांगाऱ्याचे वाळलेले लाकूड नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि कुणीतरी मागून ढकलून द्यायचे. चार दिवसांत हातपाय मारता येऊ लागले की डबा सुटे. मग मुटका, मग सूर, आणि सर्वांत शेवटी तळ काढणे. तळ काढणे म्हणजे बुडी मारून विहिरीच्या तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचे. ज्याच्या मुठीत गाळ, तो त्या उन्हाळ्याचा राजा.

मी बारा वर्षांचा होतो. शेजारच्या घरातली पितळी कळशी विहिरीत पडली होती. गळ टाकून झाला, ती काही लागेना. चार परस पाणी होते. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी खोली, असा आमच्याकडचा ढोबळ हिशेब. चार परस म्हणजे साधारण सात मीटर. मित्रांनी पैज लावली आणि मी थारोळ्यावरून सूर मारला. डोके खाली, पाय वर, दोन्ही हातांनी पाणी मागे लोटत सरळ तळाकडे. दुसऱ्या परसालाच कानात कुणी दाभण खुपसावे तशी कळ आली. मी दात आवळले आणि पुढे गेलो, कारण वर मित्र आकडे मोजत होते. मग कानात काहीतरी फट्‌कन वाजले. कळ एकदम थांबली. क्षणभर बरे वाटले, आणि लगेच सगळी विहीर गरगर फिरू लागली. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. मी वर समजून कडेच्या दगडांवर डोके आपटले. कुणाचा तरी हात केसांना लागला, म्हणून मी आज आपल्याशी बोलतो आहे.

कानाचा पडदा फाटला होता. घरी कोमट तेलाचे थेंब घातले गेले, ते नको होते हे नंतर कळले. पुढे कान वर्षानुवर्षे वाहत राहिला आणि हळूहळू त्याची ऐकण्याची शक्ती गेली. पुढे मी कविता लिहू लागलो. कवीला कान असावा लागतो म्हणतात. मी एकाच कानावर भागवले.

हे असे का होते? उत्तरासाठी समुद्रावर जायची गरज नाही. जुन्नरहून कल्याणची एस.टी. पकडा. माळशेज घाट उतरताना कानात दडे बसतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. लहान मुले रडू लागतात, मोठी माणसे जांभई देतात, आवंढा गिळतात, आणि कान मोकळा होतो. खाली जावे तसा हवेचा दाब वाढतो. पडद्याच्या बाहेरून दाब पडतो, आतल्या पोकळीतली हवा मात्र घाटमाथ्यावरचीच असते. पडदा आत ओढला जातो. कानाच्या त्या पोकळीपासून घशाच्या वरच्या भागापर्यंत एक बारीक नळी जाते. एरवी ती मिटलेली असते. आवंढा गिळला की ती पळभर उघडते, नवी हवा आत जाते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो.

आता पाण्याचा हिशेब पाहा. सहाशे मीटर घाट उतरल्यावर हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात अवघ्या सव्वादोन फुटांवर वाढतो. म्हणजे जो घाट एस.टी. सावकाश, वळणे घेत उतरते, तो विहिरीत सूर मारणारे पोर एका क्षणात उतरते. जांभई द्यायलाही सवड नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. समुद्रसपाटीला हवेचा जो दाब असतो, तो पाण्यात दहा मीटरवर दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट, तीस मीटरवर चौपट. रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडलेल्या नियमानुसार हवेचे आकारमान त्याच प्रमाणात घटते. दहा मीटरवर निम्मे, वीसवर तिसरा हिस्सा, तीसवर चौथा. म्हणजे पहिल्या दहा मीटरांत कानातल्या हवेचे निम्मे आकारमान जाते, तर विसापासून तिसापर्यंतच्या दहा मीटरांत मूळच्या फक्त बाराव्या हिश्शाएवढे. आपल्याला वाटते, वरचे पाणी उथळ, तिथे कसली भीती? सांभाळायचे ते खोल गेल्यावर. कानाच्या बाबतीत हे उलटे आहे. सर्वांत मोठा बदल पहिल्या काही परसांतच होतो.

माणसाला हे पूर्वी ठाऊक नव्हते का? त्रास ठाऊक होता, कारण नव्हते. आमच्या जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याचा शिलालेख आहे. सातवाहनांच्या काळी नाणेघाटाने कोकणातल्या बंदरांवरचा माल घाटावर येई. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तकात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. पश्चिमेकडून भारतात येणाऱ्या मालात पोवळी आहेत आणि दक्षिणेच्या टोकाला मोत्यांची शिकार चालते, अशीही नोंद आहे. मोती कुणीतरी बुडी मारूनच वर आणलेला असे. दागिन्याचा हिशेब वहीत राहिला. तो आणणाऱ्याच्या कानाचा हिशेब कुणी ठेवला नाही.

तरी काही खुणा सापडतात. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका जुन्या ग्रीक प्रश्नसंग्रहात विचारले आहे, की समुद्रात बुडी मारणाऱ्यांचे कान का फुटतात? ते कानाला स्पंज का बांधतात, कानात तेल का घालतात? म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी स्पंज काढणाऱ्या गरिबांचे कान फुटत होते, आणि त्यांच्याही घरी उपाय तेलाचाच होता. हे वाचले तेव्हा मला माझी आई आठवली.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो दक्षिण भारताच्या किनाऱ्यावर आला. मोत्यांच्या हंगामात मोठ्या माशांना मंत्राने बांधून ठेवण्यासाठी मांत्रिक नेमले जात आणि विसावा हिस्सा त्यांना मिळे, असे तो लिहितो. चौदाव्या शतकात इब्न बतूताने इराणच्या आखातातले पाणबुडे वर्णिले आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर कासवाच्या कवचाचे आवरण, नाकाला त्याच कवचाचा चिमटा आणि कमरेला दोर. ते तास-दोन तास खाली राहतात, असेही तो लिहितो. ती ऐकीव गोष्ट झाली. पण नाकाचा चिमटा मात्र अनुभवातून आलेला आहे. नाक बंद असताना आवंढा गिळला तर कानाची नळी उघडायला मदत होते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. त्यांना नळीचे नाव ठाऊक नसेल, पण काम ठाऊक असावे.

तरीही हे लोक घाईने उतरत. पायाला दगड बांधून सुसाट तळाला जात. कारण साधे होते. श्वास एकच. उतरण्यात जेवढा जाईल तेवढा शिंपले वेचायला कमी. मालकाला शिंपले हवे असत, आणि कान पाणबुड्याचा होता. आग्नेय आशियातल्या बाजाऊ या दर्यावर्दी जमातीत तर लहानपणीच पडदा फुटू देत, म्हणजे पुढे कळ येणार नाही, असे सांगतात. त्यांच्यातल्या कित्येकांना म्हातारपणी नीट ऐकू येत नसे. आपल्या मराठीत अरबी-फारसीतून आलेला गोता हा शब्द आहे. मूळ अर्थ बुडी. आपण मात्र गोता खाणे म्हणजे फसगत होणे असा अर्थ केला. बुडी मारणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हे भाषेने बरोबर टिपले आहे.

कारण कळायला शरीरशास्त्राची वाट पाहावी लागली. सोळाव्या शतकात इटलीतल्या युस्टाकी या वैद्याने त्या नळीचे वर्णन केले, म्हणून ती युस्टेशियन नळी. 1704 मध्ये तिथल्याच अंतोनिओ वाल्साल्वाने कानावर ग्रंथ लिहिला. नाक आणि तोंड बंद करून हळूच श्वास बाहेर लोटायचा, ही युक्ती त्याच्या नावाने ओळखली जाते. त्याला ती कानातला पू काढण्यासाठी हवी होती. 1853 मध्ये लंडनच्या जोसेफ टॉयन्बी या कानाच्या शल्यवैद्याने, गिळताना ही नळी उघडते, हे दाखवले. नाक धरून आवंढा गिळण्याला आज त्याचे नाव आहे. कानात वाजणाऱ्या आवाजावर उपाय शोधताना स्वतःवरच औषधी वाफांचा प्रयोग करून तो 1866 मध्ये वारला. ज्याचा कान रात्री-बेरात्री वाजतो, त्याने या माणसाची आठवण ठेवावी. तिसरी युक्ती जर्मनीच्या हेरमान फ्रेन्झेलची. घसा मिटून जिभेच्या मुळाने हवा वर ढकलायची. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ती झेपावत खाली येणाऱ्या बॉम्बफेकी विमानांच्या वैमानिकांना शिकवली गेली. आज जगभरचे पाणबुडे ती वापरतात.

या दरम्यान पाण्याखाली जाण्याची तऱ्हाही बदलली. 1830 च्या दशकात ऑगस्टस सीबेने डोक्यावर तांब्याचे शिरस्त्राण आणि त्याला जोडलेला पोशाख तयार केला. वरून पंपाने नळीवाटे हवा यायची. एका श्वासाची अट संपली, पण नवे संकट आले. पाणबुड्या हवेच्या पुरवठ्यापेक्षा वेगाने खाली घसरला तर बाहेरचा दाब वाढे आणि आतली हवा अपुरी पडे. मग सारे शरीर कडक शिरस्त्राणाकडे दाबले जाई. खाली जाण्याच्या वेगाने माणसे मेली, ती अशी.

त्याच काळात वर येण्याचाही धोका उमगला. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि झपाट्याने वर आले तर त्याचे बुडबुडे होतात. सोड्याची बाटली एकदम उघडावी तसे. ब्रिटिश नौदलासाठी जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग केले आणि आपल्या सहकाऱ्यांसह 1908 मध्ये कुठे किती थांबत वर यावे याची कोष्टके प्रसिद्ध केली. मात्र खाली जाण्याबद्दल त्यांचा सल्ला उलटा होता. उतरणे लवकर आटपा, कारण खाली घालवलेला प्रत्येक मिनिट रक्तात नायट्रोजन साठवतो. हिशेबाने ते बरोबरच होते. आजही पाण्याखालचा वेळ मोजतात तो पृष्ठभाग सोडल्यापासून.

म्हणजे शरीरात दोन सल्लागार झाले. रक्त म्हणते लवकर जा, कान म्हणतो थांब. यावर तोडगा म्हणून कमाल वेग ठरले. अमेरिकन नौदलाच्या नियमाप्रमाणे हवेवर उतरताना मिनिटाला 75 फुटांहून, म्हणजे सुमारे 23 मीटरहून, जास्त वेग नको. लक्षात घ्या, ही कमाल मर्यादा आहे, गाठायचे लक्ष्य नव्हे. आणि ती तयार सैनिकांसाठी आहे. मध्या कानात आणि बाहेर सुमारे सव्वा मीटर पाण्याएवढा दाबाचा फरक पडला, की नळीचे तोंड असे मिटून बसू शकते की नाक धरून कितीही फुंकले तरी उघडत नाही. मिनिटाला 20 मीटरच्या वेगाने हा सव्वा मीटर पावणेचार सेकंदांत संपतो. नवख्या माणसाला नाक चिमटीत धरायलाच तेवढा वेळ लागतो.

1943 मध्ये फ्रान्समध्ये झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतून हवे तेव्हा, हवे तेवढ्या दाबाने हवा देणारे यंत्र सिद्ध केले. आजची स्कूबा त्यातूनच आली. त्याने घाईचे जुने कारणच संपवले. शिंपले वेचायचे नाहीत, मालक वर उभा नाही, श्वास एकच नाही. मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना नेतात तिथली खोलीही फार नसते. तिथे रक्तातल्या नायट्रोजनची चिंता थोडी, कानाची अधिक. हौशी माणसाला सावकाश उतरून गमवायचे असे काहीच नाही.

मग किती सावकाश? जाणकार सांगतात ते एवढेच. पाण्यात शिरण्यापूर्वी वरच एकदा कान मोकळा करा. मग दोर धरून, पाय खाली आणि डोके वर ठेवून उतरा, कारण उभे असताना नळी सहज उघडते. पहिल्या काही मीटरांत दर हातभर अंतराला, कळ येण्याच्या आधीच, कान मोकळा करत जा. कळ आली म्हणजे उशीर झाला. मग जोर करायचा नाही. जोराने फुंकल्यास आतला, तोल सांभाळणारा नाजूक भागही दुखावतो. हातभर वर यायचे, पुन्हा प्रयत्न करायचा. नाहीच झाला तर त्या दिवशीची बुडी संपली. सर्दी-पडसे असेल तर जायचेच नाही. जोराचा प्रवाह असेल तेव्हा अनुभवी लोक पृष्ठभाग चटकन सोडतात, पण तो शिकलेल्यांचा विषय. घड्याळातला वेग हा शेवटचा कुंपणाचा तार आहे. खरा वेग ज्याचा त्याचा कान ठरवतो, आणि सोबत्यांत ज्याचा कान सर्वांत हळू, त्याच्या वेगाने सगळ्यांनी उतरायचे.

आणि पडदा फाटलाच, तर? थंड पाणी आत शिरते, तोल सांभाळणारे इंद्रिय गोंधळते, चक्कर येते. विहिरीत मला वर-खाली कळेनासे झाले ते यामुळे. कान गेला तर माणूस जगतो. पण दिशा गेली आणि सोबत कुणी नसेल, तर नाही.

म्हणून हे सारे बोलतो आहे. जुन्नर-आंबेगावात आता पाणी पुष्कळ आहे. माणिकडोह आहे, वडज आहे, पिंपळगाव जोगे आहे. मूळचे आंबेगाव तर डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. तालुक्याला नाव राहिले, गाव राहिले नाही. त्या जलाशयाला आपण हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले. उन्हाळ्यात पोरे तिथे जातात, विहिरींवर जातात, पैजा लावतात. शिकवणारा दादा तिथे नसतो. त्यांना एवढेच सांगावे, की तळ काढणे हा पराक्रम नाही, आणि कळ सोसणे ही मर्दुमकी तर मुळीच नाही.

त्या कळशीचे सांगायचे राहिले. मला घरी नेल्यावर दुसऱ्या दिवशी महादेव कोळी समाजातले एक म्हातारे बाबा आले. कुणाचे काही विहिरीत पडले की त्यांनाच बोलावीत. आम्ही पोरे त्यांना हसायचो, कारण ते कधी सूर मारत नसत. मोटेचा जुना सोल विहिरीत सोडायचे, एका हाताने तो धरून पायांवर उतरायचे. हातभर गेले की थांबायचे, दुसऱ्या हाताने नाक धरायचे, गळ्याची घाटी वर-खाली व्हायची, मग पुढचा हातभर. कळशी त्यांनी पहिल्याच बुडीत आणली. कानात कापूस घालून मी काठावर बसलो होतो. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "पोरा, कानाला इच्यारून खाली जायचं. त्यो हो म्हनला तरच."

भाच्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. तारकर्लीला पर्यटन महामंडळाच्या संस्थेत रीतसर शिकायचे त्याच्या मनात आहे. मी म्हटले, जरूर जा. त्याने मला विचारले, त्या बाबांना हे कुणी शिकवले असेल? मला ठाऊक नाही. त्यांना वाल्साल्वा ठाऊक नव्हता, टॉयन्बी ठाऊक नव्हता. पण मरेपर्यंत त्यांचे दोन्ही कान शाबूत होते. पलीकडच्या वावरातून कुणी हळू हाक मारली, तरी ओ द्यायचे.